मोरीची चौकट आणि फवारणीची बाटली

प्रश्न : ताई, आमच्या मोरीच्या दाराची चौकट खालून कुजलीय. पेचकस टोचला की भुगा पडतो. बागेच्या फवारणीतलं प्रोपिकोनॅझोल घरात पडून आहे. बुरशीनाशकच आहे, तर पाण्यात कालवून मारलं तर चालेल का? चुलते म्हणतात, बोर्डो लाव.
— एक डाळिंब बागायतदार, सांगोला

उत्तर : तुमचा तर्क निम्मा बरोबर आहे. लाकडासाठी जी पाण्यातली औषधं मिळतात, त्यांतही बऱ्याचदा प्रोपिकोनॅझोल आणि टेब्युकोनॅझोल ही ॲझोल जातीची बुरशीनाशकंच असतात. तरी बाटली आहे तिथंच राहू द्या.

प्रोपिकोनॅझोल पाण्यात जवळपास विरघळतच नाही. लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून शेतीच्या बाटलीत ते तेलकट द्रावकात असतं आणि सोबत साबणाच्या जातीचा एक पदार्थ असतो. पाण्यात ओतलं की दूध होतं ते त्यामुळे. दुधासारखं दिसतं याचा अर्थ थेंब मोठे आहेत. पानावर पातळ थर बसवायला ते पुरेसं आहे. लाकडात मात्र पेशीपेशींमधल्या वाटा फार बारीक असतात. पाणी आत जातं आणि औषध चाळणीवरच्या कोंड्यासारखं वरच राहतं. शिवाय फवारणीचं औषध काही दिवसांत उतरावं अशा बेतानं दिलेलं असतं, आणि चौकटीवर ते वर्षानुवर्षं टिकायला हवं. त्यात घरातल्या दाराला लेकरांचे हात लागतात. लेबलवर पिकाचं नाव आहे, तर ते पिकालाच.

मी एका रंग कंपनीच्या प्रयोगशाळेत लाकडाची औषधं बनवायचं काम करत असे. रॉकेलसारख्या द्रावकातलं औषध लाकडात छान मुरतं, पण वास येतो, आगीची भीती असते आणि खर्चही वाढतो. म्हणून पाण्यावर यायचं ठरलं. थेंब मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, दहाव्या हिश्शाहून लहान झाला की दुधाचं नितळ पाणी होतं. बाटलीत आत काही आहे असं वाटतही नाही. पण थेंब लहान करायला तो साबण वाढवावा लागतो, आणि साबण जास्त झाला की पावसात तोच औषध बाहेर ओढून आणतो. या ओढाताणीतच आमचं सगळं काम चालायचं.

म्हणून चाचणीत ठोकळे आधी 14 दिवस पाणी बदलत बुडवून ठेवायचे, वाळवायचे आणि मग बुरशीच्या बाटलीत 16 आठवडे सोडायचे. युरोपीय पद्धतीत वजनातली घट 3 टक्क्यांच्या खाली राहिली तर औषध पास. बुरशीला घाई करता येत नाही, एवढी साधी गोष्ट मार्केटिंगवाल्यांच्या गळी कधी उतरली नाही!

आता बोर्डो. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, चुन्यात मिसळलं की न विरघळणारा निळा साका होतो. तो लाकडाच्या अंगावर बसतो, आत जात नाही. नुसतं मोरचूद आत जातं, पण पाण्याबरोबर निघूनही येतं आणि खिळे खातं. त्याला लाकडात धरून ठेवायची युक्ती आपल्याच देशात निघाली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण काढलं. क्रोमियममुळे बाकीची दोन्ही लाकडात घट्ट बसतात. ते जगभर चाललं. पुढे आर्सेनिकमुळे अमेरिकेत 2003 अखेर घरगुती वापराच्या लाकडातून ते काढून घेतलं गेलं. त्याच्या जागी आलेल्या काही मिश्रणांत तांब्याबरोबर तुमच्या बाटलीतल्या जातीचीच औषधं असतात. एकटी ॲझोल मातीला टेकलेल्या लाकडातल्या मऊ कुजीपुढे कमी पडतात, म्हणून तांब्याची जोड लागते.

तुमच्या चौकटीचं म्हणाल तर कुजलेला भाग करवतीनं कापा, पेचकस रुतणार नाही इतक्या वर. खाली शहाबादी फरशीचा तुकडा बसवा. लाकूड सिमेंटमध्ये गाडू नका. जोडायच्या नव्या तुकड्याची मुंडकी ‘लाकडासाठी’ असं लिहिलेल्या पाण्यातल्या औषधात बुडवून ठेवा, कारण औषध आडवं फारसं शिरत नाही, रेषांच्या दिशेनं सरसर शिरतं. साग आणलात तरी कडेचा पांढरा भाग सागाचा गुण दाखवत नाही. तो आधी कुजतो. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही. सोलापूरच्या हवेत हे फुकट जमतं. फक्त मोरीचं पाणी चौकटीकडे वळू देऊ नका.

प्रश्न : जुन्या माळवदाच्या तुळया भिंतीत शिरतात तिथं ओल आहे. वरून रंग दिला, उपयोग झाला नाही.
— सोलापूर शहर

उत्तर : रंगानं ओल आत कोंडली असेल. आधी पांढरी माती नीट करून गळती थांबवा. मग बोरिक ॲसिड 400 ग्रॅम आणि टाकणखार 600 ग्रॅम, 10 लिटर गरम पाण्यात विरघळवून तुळईच्या टोकाला पुन्हापुन्हा पाजा. हे ओलसर लाकडातच आत सरकतं, म्हणून पूर्ण वाळायची वाट पाहू नका. धुऊन जातं हा त्याचा दोष, पण छताखाली धुणार कोण? हातमोजे घाला, मुलांना आणि गरोदर बाईला यापासून लांब ठेवा.

प्रश्न : गोठ्याच्या खांबांना गाडीचं काळं ऑइल लावतो. बरोबर ना?
— मोहोळ

उत्तर : पाणी थोडं लांब राहतं, एवढंच. बुरशी त्यानं मरत नाही, जनावरं खांब चाटतात आणि नंतर त्यावर दुसरं औषधही मुरत नाही. बंद करा.