पहिल्या नाताळाला भेट म्हणून दोस करा

पहिल्याच वर्षी नेवऱ्या, दोदोल, बेबिंक अशा गोडधोडाचा घाट घालू नका. गोव्याच्या कुस्वारातला, म्हणजे नाताळच्या फराळातला, दोस करा; ही चणाडाळ-खोबऱ्याची वडी. स्वस्त आहे आणि नवख्या हातालाही नक्की जमतो.

अर्धा किलो चणाडाळ, तेवढीच साखर, एका मोठ्या नारळाचं ओलं खोबरं, दोन चमचे तूप, वेलची, चिमूटभर मीठ. डाळ मऊ शिजवून चाळणीत पूर्ण निथळा, मग वाटा. खोबरंही बारीक वाटा.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर डाळ, खोबरं, साखर आणि मीठ एकत्र ढवळायला घ्या. साखर विरघळली की मिश्रण एकदम पातळ होतं. इथेच नवखे घाबरून वरून पीठ घालतात. घालू नका, फक्त ढवळत राहा! गोळा कढईच्या कडा सोडू लागला की तूप आणि वेलची घाला. चिमूटभर मिश्रण बशीत गार करून बोटांत वळा. चिकटलं नाही तर झालं. मग ताटात थापून वड्या कापा.

नेहमीच्या चुका:
- डाळीत पाणी राहणं. मग वड्या पडतच नाहीत.
- गार झाल्यावर कापणं. कोमट असतानाच सुरी फिरवा.
- कोमट वड्या डब्यात भरणं. वाफ धरते आणि बुरशी येते.

बटरपेपर घातलेल्या डब्यात भरा. २२ डिसेंबरच्या आधी करू नका, ओलं खोबरं आहे.