वाचक विचारतात : गाडीची रिमोट किल्ली

प्रश्न : रिमोटमध्ये नवा सेल टाकला. बटण दाबलं की किल्लीवरचा लाल दिवा लागतो, पण गाडी उघडत नाही. रिमोट गेला असं समजायचं का?

उत्तर : इतक्यात नाही. आधी घरातली दुसरी किल्ली काढा. तीही चालत नसेल तर दोष बहुधा गाडीत आहे, रिमोट उघडत बसण्यात अर्थ नाही. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असेल, सेंट्रल लॉकचा फ्यूज उडाला असेल किंवा आसपास त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरे काही चालू असेल. बहुतेक रिमोट ४३३.९२ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात आणि तिथे वायरलेस घंटा, गेटचे रिमोट अशी बरीच गर्दी असते. गाडी दुसऱ्या जागी नेऊन बघा. नुकताच डॅशकॅम किंवा स्वस्तातला चार्जर बसवला असेल तर तोही काढून बघा. रिमोटची कक्षा एकाएकी कमी होण्यामागे अशी जोडलेली उपकरणे अनेकदा निघतात.

दुसरी किल्ली चालते आणि हीच रुसली आहे, तर मग हिच्याकडे वळू. लाल दिवा लागतो याचा अर्थ बटण दाबले गेले आणि सर्किटला थोडीफार वीज मिळाली, एवढाच. संदेश पुरेशा जोराने बाहेर पडला का आणि गाडीने तो ओळखला का, हे दिव्यावरून कळत नाही.

नवा सेलही तपासावा. मल्टीमीटरवर ताजा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. पण नुसता मोकळा सेल मोजून फसगत होते : जुना किंवा दुकानात पडून राहिलेला सेलही मोकळा असताना ३ व्होल्ट दाखवतो आणि बटण दाबल्यावर मान टाकतो, कारण त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. म्हणून सेल जागेवर ठेवून, बटण दाबून धरून मोजा. तेव्हा आकडा २.८ च्या बराच खाली जात असेल तर सेल बदला. थंडीत हा रोध आणखी वाढतो, त्यामुळे पहाटे न चालणारा रिमोट दुपारी चालतो.

सेलचा नंबरही बघा. सीआर २०३२ मध्ये २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ व्यासाने आणि व्होल्टेजने तसाच, पण जाडीने २.५ मिलिमीटर. तो २०३२ च्या जागी बसतो, कधीकधी चालतोही, आणि किल्ली हलली की संपर्क सुटतो. आत कागदाची घडी घालून तो घट्ट बसवण्याची युक्ती करू नका, योग्य सेल आणा. पितळी पट्ट्या दबल्या असतील तर टूथपिकने अलगद उचलून घ्या. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप दिलेला असतो आणि काही रिमोटमध्ये तो संपर्काच्या आड येतो. संपर्काच्या जागी सेल कोरड्या फडक्याने चोळून पुसा. (जुना सेल टेबलावर सोडू नका. गिळल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.)

एवढे करूनही गाडी ओळखत नसेल तर कोडची गाठ सुटली असावी. रिमोट प्रत्येक वेळी नवा कोड पाठवतो आणि गाडी मागच्या कोडच्या पुढचे ठरावीक कोडच स्वीकारते. गाडी कक्षेत नसताना बटण खूपदा दाबले गेले, उदाहरणार्थ बॅगेत किंवा मुलांच्या हातात, की रिमोट फार पुढे निघून जातो. गाडीजवळ उभे राहून लॉकचे बटण सावकाश, लागोपाठ दोनदा दाबा. जमले नाही तर किल्ली इग्निशनमध्ये घालून ऑन करा आणि मग बटण दाबा. प्रत्येक मॉडेलचा क्रम वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. तिथे क्रमच दिलेला नसेल तर हे काम स्कॅनरशिवाय, म्हणजे गॅरेजवाले गाडीच्या संगणकाला जोडतात त्या यंत्राशिवाय, होत नाही.

प्रश्न : सेल दोन महिन्यांत संपतो. चांगल्या प्रतीचा घेऊनही तेच.

उत्तर : साधारण सेल एक-दोन वर्षे तरी टिकायला हवा. पडून असताना साध्या रिमोटला काही मायक्रोअँपियरच लागतात. सीआर २०३२ ची क्षमता सुमारे २२० मिलीअँपियर-तास धरली तर केवळ १ मिलीअँपियरची गळती असली तरी तो नऊ दिवसांत रिकामा होतो. तुमच्याकडे गळती त्याहून कमी आहे, पण आहे. दोन महिन्यांच्या हिशेबाने ती ०.१५ मिलीअँपियरच्या घरात जाते.

पहिला संशय अडकलेल्या बटणावर. रबराचा पॅड फाटून आत ओढला गेला की स्विच अर्धवट दाबलेला राहतो. पॅड काढून ठेवा आणि नुसत्या सर्किटवर काही दिवस बघा. दुसरा संशय ओलाव्यावर : पट्ट्यांभोवती हिरवी किंवा पांढरी पूड दिसते. तिसरे कारण फक्त बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांचे. अशा गाड्या सुमारे १२५ किलोहर्ट्झवर सारखी हाक देतात आणि किल्ली ओ देते. गाडी दाराबाहेर आणि किल्ली भिंतीच्या आत लगेच टांगलेली असेल तर हे संभाषण रात्रभर चालते आणि दोन्हीकडच्या बॅटऱ्या झिजतात. खुंटी दुसऱ्या खोलीत हलवा. टीव्ही, चार्जिंगचा पॅड आणि मोबाइल यांच्यापासूनही किल्ली लांब ठेवा.

प्रश्न : किल्ली पॅन्टच्या खिशातून कपडे धुण्याच्या मशीनमध्ये गेली.

उत्तर : बटण दाबून ‘चालते का’ हे बघू नका. किल्ली उघडून सेल लगेच काढा. ओल्या सर्किटवर वीज असली की तांबे तासाभरात खायला लागते, नुसत्या पाण्याने तेवढे नुकसान होत नाही. सर्किट बाहेर काढा, साबणाचा अंश जाण्यासाठी आधी डिस्टिल्ड पाण्यात, मग ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रशने धुवा. स्विचच्या कडांपाशी ब्रश जास्त फिरवा, पाणी तिथेच दडते. पंख्याखाली चोवीस तास. तांदळात ठेवल्याने फायदा होत नाही, उलट पीठ आत जाते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको, प्लास्टिक वाकते. मग नवा सेल. जुना पुन्हा घालू नये.

प्रश्न : पाते तुटलं म्हणून किल्लीचं कव्हर बदलून घेतलं. आता दरवाजे रिमोटने उघडतात, स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही.

उत्तर : बहुधा जुन्या कव्हरमध्ये चिप राहिली आहे. ते अजून फेकले नसेल तर आधी ते शोधा. किल्लीत दोन वेगळी कामे करणाऱ्या वस्तू असतात : दरवाजे उघडणारे सर्किट आणि इंजिनला परवानगी देणारी ट्रान्सपॉन्डर चिप. अनेक फ्लिप किल्ल्यांमध्ये ही चिप सर्किटवर नसते, प्लास्टिकच्या खाचेत वेगळी खोचलेली असते. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा काळा चौकोनी खडा. तिला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. चिप नव्या कव्हरच्या तशाच खाचेत बसवा, सैल असेल तर चिकटपट्टीने धरा. काचेची नळी चिमट्याने दाबू नका, तडकते. डॅशबोर्डवरचा किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा मिचमिचायचा थांबला म्हणजे काम झाले.

प्रश्न : बटणवाल्या गाडीत ‘किल्ली सापडत नाही’ असा संदेश येतो. सेल संपला तर रस्त्यात अडकायचं का?

उत्तर : नाही. किल्लीच्या कडेची कळ सरकवली की आतले पाते निघते. दाराच्या मुठीवर कुलपाचे भोक दिसत नसेल तर ते टोपीखाली असते. पात्याने उघडल्यावर अलार्म वाजेल, घाबरू नका, गाडी सुरू झाली की बंद होतो. ब्रेक दाबा आणि रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. काही गाड्यांत यासाठी कपहोल्डरमध्ये, कन्सोलच्या तळाशी किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर ठरावीक जागा असते, ती आजच पुस्तिकेत बघून ठेवा. सेल चांगला असूनही संदेश येत असेल तर किल्ली मोबाइलला चिकटून एकाच खिशात आहे का ते बघा.

प्रश्न : मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोट तपासता येतो ना?

उत्तर : टीव्हीचा येतो, कारण तो इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. गाडीचा रिमोट रेडिओवर चालतो, कॅमेऱ्यात काही दिसणार नाही. इन्फ्रारेड किल्ली असलेल्या मोजक्या जुन्या गाड्या याला अपवाद.

प्रश्न : जुन्या गाडीतून काढलेला रिमोट स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

उत्तर : स्मार्ट किल्ली (बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची) असेल तर शक्यतो नको. अनेक स्मार्ट किल्ल्या पहिल्या गाडीशी जोडल्या गेल्या की कायमच्या बांधल्या जातात आणि दुसरी गाडी त्यांना स्वीकारत नाही. नवी किंवा रीतसर मोकळी केलेलीच घ्या, मागचा पार्ट नंबर आणि फ्रिक्वेन्सी जुळवून. प्रोग्रॅमिंगला जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. काही गाड्यांत नवी किल्ली शिकवताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात, आणि घरी राहिलेली किल्ली त्यानंतर फक्त दार उघडण्यापुरती उरते.