घाटरस्ता, वेगवान गाडी आणि सायकलस्वार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नवी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आहे. रविवारी पहाटे दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ असा फेरा मारतो. त्याच वेळी सायकलवाल्यांचे घोळके रस्त्यावर असतात आणि हॉर्न दिला तरी बाजूला होत नाहीत. त्यांना ओलांडताना नेमकं किती अंतर ठेवायचं?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : किमान दीड मीटर. हे अंतर सायकलच्या हँडलच्या टोकापासून तुमच्या डाव्या आरशापर्यंत मोजायचं. आता बेरीज करून बघा. दुपदरी रस्त्याची एक लेन साडेतीन मीटरची. सायकलस्वार डांबराच्या कडेपासून अर्धा मीटर आत असतो, हँडलची रुंदी ६० सेंटिमीटर धरा. त्यात दीड मीटर मोकळी जागा आणि आरशांसकट दोन मीटरची तुमची गाडी मिळवली की ४.६ मीटर होतात. म्हणजे स्वतःच्या लेनमध्ये राहून सायकल ओलांडणं शक्यच नाही. समोरून वाहन येत असेल तर मागेच राहायचं. ट्रक ओलांडायला जेवढा रस्ता मोकळा लागतो, तेवढाच सायकलसाठीही लागतो, आणि सगळं इथूनच सुरू होतं.

किती मोकळा? तुमचा वेग ताशी ६०, सायकलचा २०. मागचं-पुढचं मिळून ४० मीटरचा फरक तोडायला ३.६ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ६० मीटर जाता आणि समोरून ८० च्या वेगाने येणारी जीप ८० मीटर जवळ येते. त्यावर थोडी शिल्लक ठेवली की २०० मीटर स्वच्छ रस्ता दिसायला हवा. एकामागे एक दहा सायकली असतील तर रांगच सुमारे ४० मीटरची, मग साडेतीनशे मीटर लागतात. खुलताबादच्या घाटात एवढा सरळ तुकडा क्वचितच मिळतो. तेव्हा वळण संपेपर्यंत तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर या आणि शांतपणे मागे चला. २० च्या वेगाने ३०० मीटर गेलात तर ६० च्या तुलनेत ३६ सेकंद जातात. नुकसान एवढंच.

ते बाजूला का होत नाहीत, याचं उत्तर रस्त्यातच आहे. डांबराचे थरावर थर चढल्यामुळे साइडपट्टी बऱ्याच ठिकाणी चार-सहा इंच खाली गेलेली असते. खाली बारीक खडी, काचा आणि बाभळीचे काटे. रस्त्यावरच्या सायकलचा टायर जेमतेम २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतो, कडेवरून घसरला की स्वार उजवीकडे, म्हणजे तुमच्या चाकाकडेच पडतो. सिमेंटच्या रस्त्यावर लांबीच्या दिशेने गेलेल्या सांध्यात हा टायर अडकतो. त्यामुळे जो सायकलस्वार कडेपासून मीटरभर आत चालवतो, तो आडमुठा नाही, बरोबर चालवतो आहे.

हॉर्न ५०-६० मीटर मागून, एकदाच, हलका. अगदी शेजारी येऊन वाजवलात तर माणूस दचकून उजव्या खांद्यावरून मागे बघतो, आणि मान वळते तिकडेच हँडलही वळतं. चढावर सायकलचा वेग ताशी ८-१० असतो आणि प्रत्येक पायडलला ती झुलते, तिथे दीड मीटरचे दोन करा. उतारावर उलट आहे. सायकल सहज ४०-५० ने जाते, तिला ओलांडूच नका, तीन सेकंदांचं अंतर ठेवून मागे राहा.

दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते. सायकल आत शिरली असेल तर ती बाहेर पडेपर्यंत थांबा. आणि श्रावणातल्या शनिवारी, हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनाला हजारो भाविक रात्रभर याच रस्त्याने पायी जातात. त्या रात्री फिरायला म्हणून गाडी या रस्त्यावर काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), सहा एअरबॅग आहेत, टायर रुंद आहेत. मग घाटात ७० ने वळण घ्यायला काय हरकत आहे? योग्य वेग ठरवायचा कसा?
– एक वाचक, जालना

उत्तर : वेग गाडीवरून ठरत नाही, समोर किती रस्ता दिसतो त्यावरून ठरतो. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. कोरडं डांबर, चांगले टायर आणि करकचून ब्रेक असं सगळं जुळून आलं तरी ६० वरून थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात, ८० वरून ७० मीटर, १०० वरून ९७ मीटर. आंधळ्या वळणावर ४० मीटरच दिसत असतील तर ६० सुद्धा जास्त आहे. दुपदरी रस्त्यावर दिसणाऱ्या अंतरात थांबता आलं पाहिजे, आणि म्हैसमाळच्या वाटेवर लागतात तसल्या अरुंद तुकड्यांवर त्याच्या निम्म्या अंतरात, कारण समोरचाही तेवढाच तुमच्याकडे येत असतो.

हे डोळ्यांनी मोजायची एक पद्धत आहे. वळणात रस्त्याची डावी आणि उजवी कड लांबवर जिथे एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवा. तो बिंदू तुमच्या वेगाने पुढे सरकत असेल तर वेग ठीक आहे. तो जवळ येत असेल तर वळण आवळत चाललंय, वेग लगेच कमी करा. तो भराभर लांब पळायला लागला की वळण सुटलं, आता हळूहळू ॲक्सिलरेटर द्या.

ब्रेक वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना लावायचा. गिअरही तिथेच उतरवायचा. वळणात फक्त हलका, एकसारखा ॲक्सिलरेटर. टायरची पकड ठरलेली असते. ती वळण्यात खर्च होत असताना वर जोरात ब्रेक मागितला की पुढची चाकं वळायचं सोडून सरळ जातात, किंवा मागचा भाग फिरतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ५० ऐवजी ७० ने गेलात तर वेग ४० टक्क्यांनीच वाढतो, पण बाहेर फेकणारी ओढ जवळजवळ दुप्पट होते. कोरड्या स्वच्छ डांबराच्या पकडीची हद्द तिथेच येते. वळणावर खडी पसरलेली असेल, किंवा पावसानंतर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणलेली असेल, तर ती हद्द कधीच मागे पडलेली असते.

एबीएसमुळे ब्रेक लावलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं, हा त्याचा खरा उपयोग. सुट्या खडीवर त्याने थांबण्याचं अंतर कमी होत नाही, उलट वाढू शकतं. ईएससी घसरणारी गाडी सावरतं, पण नसलेली पकड निर्माण करत नाही. एअरबॅग तुमच्यासाठी आहेत, समोरच्या सायकलवाल्यासाठी नाहीत.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. दुपदरी रस्त्यावर कारची कमाल मर्यादा केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार ताशी ७० आहे, आणि घाटात लावलेली पाटी त्याहून कमी असेल तर पाटीच खरी. धोकादायक ओव्हरटेक मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये येतो. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रश्न : कन्नडचा औट्रम घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल मऊ पडून खाली जायला लागलं. गाडी ऑटोमॅटिक आहे. गॅरेजवाला म्हणतो पॅड चांगले आहेत.
– एक वाचक, बीड

उत्तर : पॅड चांगले असतील, तरी दोष तापण्याचा आहे. वास येतो तो पॅडचा. पेडल मऊ पडतं ते ब्रेक ऑइल उकळल्यामुळे. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला की ऑइलऐवजी वाफ दाबली जाते. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. म्हणून किलोमीटर कितीही झालेले असोत, दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून घ्यायची. नुसतं डबीत वरून भरून भागत नाही.

उतरताना गाडी डी (ड्राइव्ह) वर ठेवू नका. मॅन्युअल मोडमध्ये किंवा एल (लो) वर टाकून दुसऱ्या गिअरवर आणा. चढायला जो गिअर लागला असता, तोच उतरायला. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा एकदा नीट दाबून वेग १५-२० ने कमी करा आणि पूर्ण सोडा, म्हणजे डिस्कला वारा लागतो. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर उतरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती साफ चुकीची आहे : इंधन इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं, न्यूट्रलवर मात्र आयडलिंगला लागतंच. इलेक्ट्रिक गाडी असेल तर घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला सुरुवात करू नका. भरलेली बॅटरी उतारावरची वीज परत घेत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

वास आलाच तर सुरक्षित जागी वीस-पंचवीस मिनिटं थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. गाडी थांबली की हँडब्रेकऐवजी पी (पार्किंग) वर टाकून चाकाला दगड लावा.

प्रश्न : मी सायकलस्वार आहे. आमचा बारा जणांचा गट आहे. आम्ही आमच्याकडून काय करावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : घाटात एका रांगेत, चार-चारच्या तुकड्या करून चला, आणि दोन तुकड्यांमध्ये किमान ५० मीटर ठेवा, म्हणजे गाडीला एक तुकडी ओलांडून परत आत यायला जागा मिळते. मागचा लाल दिवा दिवसाही लावा, लुकलुकणारा. झाडांच्या सावलीतून उन्हात येताना चालकाला तोच आधी दिसतो. आंधळ्या वळणाच्या आधी लेनच्या मधोमध या, म्हणजे कुणी खेटून ओलांडणार नाही, आणि वळण सुटलं की डावीकडे व्हा. पुढे रस्ता मोकळा नसताना मागच्या गाडीला हाताने ‘या’ अशी खूण करू नका. हँडलच्या उजव्या टोकाला छोटा आरसा बसवा. दोनशे-चारशे रुपयांत मिळतो आणि मान वळवायची वेळ कमी येते.

प्रश्न : उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडाच ठेवा, आणि सकाळी, गाडी तीन तास उभी असताना भरा. तापमान सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. कंपनीने ते गृहीत धरलेलं असतं. तापलेल्या टायरमधली हवा सोडली तर थंड झाल्यावर दाब कमी पडतो, बाजूची भिंत जास्त वाकते, जास्त तापते आणि ४२ अंशांच्या उन्हात टायर फुटतो. खड्ड्यात आपटून भिंतीवर फुगा आला असेल तर तो टायर त्याच दिवशी बदला.

प्रश्न : उसाच्या हंगामात संध्याकाळी तुळजापूरकडे जाताना कशाकडे लक्ष द्यावं?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरकडे. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडे लोंबतो, त्यामुळे तिची खरी रुंदी अंधारात कळत नाही. शिवाय तोडणी कामगारांच्या बैलगाड्या, कामावरून सायकलने घरी परतणारी माणसं, आणि ज्वारी-तुरीच्या शेतातून अचानक उडी मारणारे रोही, म्हणजे नीलगायी. रोही एक दिसला तर मागे कळप असतो, पहिला गेला म्हणून वेग वाढवू नका. समोर सायकलवाला असला तरी दिवा डिपर करायचा. अप्परने त्याला रस्त्याची कड दिसेनाशी होते. दिवेलागणीच्या अर्ध्या तासात ५० च्या वर जाऊ नये. लो बीममध्ये नीट दिसणारं अंतर फार तर ४०-५० मीटर असतं, आणि थांबायला लागणारं अंतर वर दिलंच आहे.

प्रश्न : मग वेगवान गाडी चालवायची हौस भागवायची कुठे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : समृद्धी महामार्गावर कारला सपाट भागात ताशी १२० ची परवानगी आहे आणि सायकल, दुचाकी, ट्रॅक्टर तिथे येत नाहीत. पण ती सरळ रस्त्यावरची गती आहे, दीड-दोन तासांनी थांबून टायर फार तापले नाहीत ना, हे हात लावून पाहणं गरजेचं. वळणं घ्यायचीच असतील तर चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट किंवा कोईम्बतूरचं करी मोटर स्पीडवे इथे प्रशिक्षण वर्ग होतात. जाण्याआधी नवं ब्रेक ऑइल आणि निम्म्याहून जास्त शिल्लक असलेले पॅड हवेत, आणि डिकीतलं सगळं सामान बाहेर काढून ठेवा.