नवऱ्याच्या देशात मी एकटी पडेन का?

जोडीदाराचं घर परदेशात असलं की पहिल्या भेटीआधी हा प्रश्न येतोच. लग्न झालेल्या मुली विचारतात, लग्न न करता एकत्र राहणारे विचारतात. मुलगेही विचारतात, फक्त "तिथलं जेवण जमेल ना?" असं आडून. भीती विमानाची किंवा व्हिसाची नसते. इथे माझा असलेला माणूस तिथे पोचताच त्यांचा होईल आणि मी सोफ्याच्या टोकाला उगाच हसत बसून राहीन, ही खरी भीती.

ऐरोलीचं एक जोडपं माझ्याकडे ठाण्याला, नौपाड्यात समुपदेशनासाठी येतं. त्यांच्या परवानगीनं त्यांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो मॉरिशसचा मराठी. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर भारतातून करारावर मजूर नेले गेले. त्यात बिहारकडचे सर्वांत जास्त, पण मुंबई बंदरातून कोकणातली आणि देशावरची माणसंही गेली. त्यांच्याच वंशातला हा मुलगा शिकायला नवी मुंबईत आला आणि नोकरी लागल्यावर इथेच राहिला. ती ठाण्याची. लग्न इथेच झालं, त्याचे आईवडील आठवडाभर येऊन परत गेले. आता पहिला गणपती त्याच्या घरी करायचा ठरला होता.

"अगं, आपलीच माणसं आहेत, घाबरतेस काय?" असं तिची आई म्हणाली आणि ती आणखी घाबरली. कारण व्हिडिओ कॉलवर सासूबाई मुलाशी क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या बोलीत, बोलायच्या, तिच्याशी चार वाक्यं हिंदीत. तिथल्या बहुतेक घरांत रोजची भाषा आता क्रिओलच आहे. मराठी शाळेत शिकतात, आरतीत म्हणतात. वर सासूबाईंनी सांगून टाकलेलं, या वर्षी महाराष्ट्रातली सून येतेय, पूजेचं सगळं तीच बघेल.

"मॅडम, मला अथर्वशीर्ष पाठ नाही. उकडीचे मोदक मी आयुष्यात केले नाहीत. मी तिथे नापास होणार."

ही गाठ सोडवायला फार वेळ लागला नाही. हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून न पाठवता स्वतः फोन करून सासूबाईंना सांग, एवढंच मी सुचवलं. तिनं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग आमच्या पद्धतीनं करू, तू शेजारी बस. सासरच्यांशी बोलताना जोडीदाराला निरोप्या करू नये, असं माझं ठाम मत आहे. निरोप पोचतो, पण सांगणाऱ्याचा सूर वाटेतच हरवतो.

दुसरी गाठ जास्त घट्ट होती. तिनं मला नवऱ्यानं केलेलं वेळापत्रक दाखवलं. चामारेलची सातरंगी माती, इल ओ सेर्फ बेट, पश्चिम किनाऱ्यावरचं रिसॉर्ट. रोज सकाळी सातला निघायचं. गणपतीचे दोन दिवस सोडले तर घर कुठेच नव्हतं. ही बाई मला सांगत होती की तो तिथे घरच्यांत बुडून जाईल, आणि हातातला कागद सांगत होता की त्याला घरी थांबायचंच नाही.

मी त्याला बोलावलं. "तिला कंटाळा येऊ नये म्हणून केलंय," तो म्हणाला. मी विचारलं, "घरात पाऊल टाकल्यावर आधी काय दिसतं?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजीची खोली." आजीनं त्याला वाढवलेलं. ती गेली तेव्हा त्याला इथून निघता आलं नाही. अंत्यसंस्कार त्यानं ऐरोलीत, मोबाईलवर पाहिले. त्यानंतर तो घरी गेलाच नव्हता. बायकोला हे माहीत होतं, पण त्या वेळापत्रकाशी त्याचा संबंध असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. त्याच्याही नव्हतं.

अशा जोडप्यांना मला हेच सांगायचं असतं. तुम्ही दोघं एका विमानात बसता, पण निघालेले असता वेगवेगळ्या प्रवासाला. एक जण पाहुणा म्हणून जातो. दुसरा सुट्टीवर नसतोच. तो इतक्या वर्षांच्या गैरहजेरीचा हिशेब द्यायला निघालेला असतो. तो चिडचिडा झाला, गप्प झाला, की पाहुण्याला वाटतं, माझ्यामुळेच. हे निघण्याआधी बोलून घेतलं तर तिथली निम्मी भांडणं टळतात.

मग आम्ही वेळापत्रक पुन्हा मांडलं. पहिले दिवस घराचे, आणि आजीच्या खोलीत दोघांनी मिळून जायचं. जेवणाच्या टेबलावर त्यानं प्रत्येक वाक्याचं भाषांतर करायचं नाही, तसं केलं तर कोणीच जेवत नाही. पण विषय काय चाललाय ते एका ओळीत सांगायचं, आणि तिनं विचारल्यावर "काही नाही" हे उत्तर द्यायचं नाही. रोज थोडा वेळ ती एकटी बाहेर पडणार, त्यावर घरात कोणी काही बोललं तर उत्तर तो देणार. तिचा पासपोर्ट, पैसे, तिथलं सिमकार्ड आणि घराचा पत्ता तिच्या पर्समध्ये. ती चिंतेसाठी गोळी घेत होती. अशा औषधांबाबत मॉरिशसचे नियम कडक आहेत, म्हणून आधी परवानगीची चौकशी आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही करायला लावलं.

एक इशारा इथेच देते. जो जोडीदार घरातही तुमचा अपमान करतो, तुमची कागदपत्रं स्वतःकडे ठेवतो, तो परदेशात बदलेल या आशेवर तिकीट काढू नका. आणि घरच्यांना तुमच्या नात्याबद्दल माहीतच नसेल, तर ते विमानतळावर कळू देऊ नका.

सगळं गोड झालं नाही. तिनं उन्हाळी कपडे भरले होते आणि क्युरपीपच्या पठारावर तो थंड, भुरभुर पावसाचा काळ निघाला. एका जेवणाला सगळे हसले, तो "नंतर सांगतो" म्हणाला, आणि रात्री कडाडून भांडण झालं. पण ते भांडण त्याच रात्री मिटलं, कारण कशाबद्दल आहे हे दोघांना ठाऊक होतं.

तिला तिथे जागा मिळाली ती मात्र मला न सुचलेल्या वाटेनं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारी मजुरांच्या नोंदी जपलेल्या आहेत, वंशजांना त्या मागता येतात. आजीच्या कपाटात अशाच एका नोंदीची प्रत निघाली. रोमन अक्षरांत वेडंवाकडं लिहिलेलं गावाचं नाव घरात कोणाला लागत नव्हतं. तिनं ते दोनतीनदा मोठ्यानं वाचलं आणि ओळखलं. गाव रत्नागिरीकडचं. मग सासरे खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि पावसात तिथे नदी किती भरते, भात कधी लावतात, असं विचारत राहिले. हिंदी कमी पडली तिथे नवऱ्यानं सांगितलं.

आता सासूबाईंना वाटतं, दरवर्षी गणपतीला यावं. तिच्या आईला वाटतं, एक वर्ष तरी ठाण्यात व्हावा. रजा दोघांच्याही मोजक्या आहेत. सध्या त्यांच्या सत्रांत आम्ही यावरच बोलतो आहोत, आणि या वेळी पहिल्या दिवसापासून तोही येऊन बसतो.