जुलाब-उलट्यांमध्ये ओआरएस नेमकं कसं प्यायचं?

तुम्ही लिहिलंय की कालपासून जुलाब होताहेत, दोनदा उलटीही झाली, रूमवर एकटे आहात आणि ओआरएस प्यायलं की मळमळतं. त्याऐवजी टेट्रापॅकमधलं फळांच्या चवीचं पेय चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी फार्मसिस्ट आहे, कोथरूडला मेडिकलच्या काउंटरवर असतो. आधी सांगा, पाकीट किती पाण्यात घातलंत? कॉट बेसिसवर राहणारी बरीच मुलं २१ ग्रॅमचं मोठं पाकीट एकाच ग्लासात ढवळून पितात. ते असतं एक लिटर पाण्यासाठी. इतकं घट्ट पाणी पोटात गेलं की आतडं उलट शरीरातलं पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. त्यामुळे पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, दोन घोट कमी करा, अख्खं पाकीट त्यात रिकामं करा आणि हलवा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. ४ ग्रॅमची छोटी पाकिटं मिळतात, ती एका ग्लासासाठी, म्हणजे २०० मिलीसाठी.

गोड पेय नको. त्यात साखर भरपूर आणि मीठ नावाला. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात, मागोमाग पाणी जातं, आणि ही वाट जुलाब चालू असतानाही बहुतेक वेळा उघडी राहते. म्हणून लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असं ठरलेलं प्रमाण आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळं, ताक, मीठ घातलेली पेज जोडीला घ्या, पण ओआरएसच्या जागी नको.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग घोट-घोट घ्या. गटागट प्यायलं की परत बाहेर. प्रत्येक जुलाबानंतर एक ते दोन ग्लास. जुलाब यानं थांबत नाहीत, गेलेलं पाणी भरून निघतं. “एक सलाइन लावून टाका” असं लोक सहज म्हणतात, पण १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन कमी पडलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याचे रुग्णसुद्धा मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर वाचवले.

नुसता सर्दी-ताप असेल आणि जेवण जात असेल तर साधं पाणी, वरण-भात पुरे. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असला तर मात्र ओआरएस डॉक्टरांना विचारूनच घ्या.

सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी, शौचात रक्त, किंवा घोटभर पाणीही ठरत नाही, यातलं काहीही झालं तर शेजारच्याला उठवा आणि दवाखाना गाठा. आणखी एक. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुइलेन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले, त्यांतल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते. बरं वाटल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय लटपटले, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा.