इंद्रलाल रॉय : नऊ विमाने की दहा?

पहिल्या महायुद्धातले भारतीय लढाऊ वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्या नावावर शत्रूची पाडलेली विमाने कुठे नऊ दिसतात, कुठे दहा. खरे काय, असा प्रश्न आहे. तारखा मांडल्या की उलगडा होतो.

६ जुलै १९१८ ला एक, ८ जुलैला चार तासांत तीन, १३ला दोन, १५ला दोन, १८ला एक आणि १९ला एक. बेरीज दहा. त्यांच्या डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) या ब्रिटिश शौर्यपदकाच्या मानपत्रात मात्र 'तेरा दिवसांत नऊ' असे आहे. ६ ते १८ जुलै हे दोन्ही दिवस धरून मोजा : दिवस १३, विमाने ९. मानपत्राचा आकडा चोख जुळतो; १९ तारखेचे विमान त्यात धरलेले नाही. 'तेरा दिवसांत दहा' असे जे सर्रास छापतात ती दोन हिशेबांची सरमिसळ आहे. दहा लिहायचे तर दिवस १४ लिहा.

'पाडली' हा शब्दही जपून वापरावा. ब्रिटिश नोंदीत विमान नष्ट झालेले दिसले तरी विजय, आणि ताबा सुटून गिरक्या घेत खाली गेले तरी विजयच. दहापैकी दोन विजय तर दुसऱ्या वैमानिकांबरोबर विभागून आहेत. यात रॉय यांचे काही उणे होत नाही, सगळ्यांना हाच नियम होता. पण दहाच्या दहा विमानांचे अवशेष जमिनीवर सापडले, असे मात्र समजू नका.

माझ्या मते आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते समोर कोणती विमाने होती हे. दहापैकी पाच जर्मनांच्या हॅनोव्हर जातीची, दोन आसनांची. 'टेहळणीचे विमान म्हणजे सोपी शिकार' असे वाटत असेल तर हॅनोव्हरची शेपटी पाहा. मागे बसलेल्या मशीनगनवाल्याला गोळीबाराला मोकळी जागा मिळावी म्हणून ती आखूड आणि दुहेरी पंखांची केलेली होती. आकारही आटोपशीर, त्यामुळे लांबून ते एकआसनी वाटे. तसे समजून थेट पाठीमागून जवळ गेलेला वैमानिक मागच्या मशीनगनच्या तोंडीच सापडायचा. सुरक्षित वाट एकच : शेपटीच्या आडोशाने, मागून आणि खालून.

रॉय यांचे एस.ई.५ए विमान या कामाला योग्य होते. वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर, आणि नेम धरताना स्थिर. त्यावर दोन मशीनगन. वैमानिकाच्या पुढे बसवलेली व्हिकर्स फिरत्या पंख्यामधून गोळ्या सोडी. तिच्यासाठी ४०० गोळ्यांचा पट्टा. पंख्याशी मेळ राखणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चाले. वैमानिकाने अधूनमधून दट्ट्या ओढून दाब राखावा लागे. नळीत हवा शिरली किंवा गळती झाली की ऐन वेळी बंदूक गप्प. दुसरी लुईस, वरच्या पंखावर वळणदार रुळावर बसवलेली. ती मागे ओढून थेट वरच्या दिशेने डागता येई, म्हणजे खालून येणाऱ्याला सोयीचीच. पण तिच्या चकतीत गोळ्या फक्त ९७, सलग झाडल्या तर दहाएक सेकंदांत संपल्या. मग विमान वळवायची दांडी गुडघ्यात धरायची, एका हाताने बंदूक खाली ओढायची, अंगावर येणाऱ्या वाऱ्यात रिकामी चकती काढून भरलेली चढवायची. चकमकीत हे करणे म्हणजे काही क्षण सरळ उडणे, आणि सरळ उडणारा वैमानिक सोपे लक्ष्य.

हे कसब त्यांच्याकडे एकदम आले नाही. ऑक्टोबर १९१७ अखेर ते ५६ व्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाले आणि ६ डिसेंबरला त्यांचे विमान कोसळले. वैद्यकीय तपासणीत ते अपात्र ठरले. प्रयत्नपूर्वक पुन्हा पात्र होऊन जून १९१८ मध्ये ४० व्या स्क्वॉड्रनमध्ये गेले. तिथे त्यांना कॅप्टन जॉर्ज मॅकएलरॉय यांच्यासारखा कसलेला नेता मिळाला. त्या अपघातानंतर मृत समजून शवागारात ठेवलेल्या रॉय यांनी शुद्धीवर येऊन दार ठोठावल्याची गोष्ट सगळीकडे फिरते. माझा सल्ला, लेखाचा भार तिच्यावर टाकू नका. अपघात, अपात्रता आणि सात महिन्यांनी पहिला विजय, एवढेही पुरेसे थोर आहे.

२२ जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हँ गावावर जर्मनांच्या फोकर डी-७ विमानांशी झालेल्या झुंजीत ते मारले गेले. वय १९. ब्रिटिश वैमानिकांकडे पॅराशूट नसे. नऊ दिवसांनी मॅकएलरॉयही गेले. डीएफसी सप्टेंबरमध्ये, मरणोत्तर जाहीर झाले.

आणखी एक दुरुस्ती : हे विजय 'रॉयल फ्लाइंग कोअर'मधले नव्हेत. १ एप्रिल १९१८ पासून ते दल रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झाले होते, आणि डीएफसी हे पदकच त्या जूनमध्ये सुरू झाले.

याच उन्हाळ्यात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ व्या स्क्वॉड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवत होते. जूनअखेर तेही गेले. रॉय यांच्यावर लिहिणाऱ्यांनी त्यांचे नाव गाळू नये.