परमवीरांच्या यादीत काँगो कुठून आला?

प्रश्न : माझा मुलगा एनडीएच्या परीक्षेची तयारी करतोय. परमवीर चक्राची यादी पाठ करताना तो अडला. काश्मीर, लडाख समजलं, पण मध्येच काँगो? आपलं काँगोशी युद्ध कधी झालं? मला सांगता आलं नाही.
– एक आई

उत्तर : ताई, कधीच झालं नाही. मी कॅडेट असताना एका सीनियरनं हेच विचारलं होतं. मी ठोकून दिलं, ‘काश्मीर’. मग जो रगडा मिळाला, त्यानंतर कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया हे नाव विसरणं शक्य नव्हतं. एनडीएत शिकून परमवीर चक्र मिळवणारे ते पहिले.

काँगो १९६० च्या जूनअखेर बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि पंधरवड्याच्या आत तांब्याच्या खाणींचा कातांगा प्रांत फुटून निघाला. त्याच्या फौजेत भाडोत्री गोरे सैनिक होते. संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेना उभी केली, भारतानं ब्रिगेड पाठवली. सलारिया त्यात होते, ३/१ गोरखा रायफल्समध्ये, म्हणजे पहिल्या गोरखा रायफल्सच्या तिसऱ्या बटालियनमध्ये.

५ डिसेंबर १९६१. कातांगाची राजधानी एलिझाबेथविलमध्ये विमानतळाकडे जाणारा रस्ता कातांगी सैन्यानं अडवला होता. तो मोकळा करायचा मुख्य हल्ला दुसऱ्या तुकडीचा. सलारियांनी विमानतळाच्या बाजूनं येऊन शत्रूची माघारीची वाट रोखायची, एवढंच त्यांचं काम. पण वाटेतच गाठ पडली ती मोर्चे बांधून बसलेल्या नव्वद जणांशी, दोन चिलखती गाड्यांसह. यांच्याकडे सोळा जवान. अशा वेळी आडोसा धरून कुमक मागवली असती, तर कुणी बोट ठेवलं नसतं. मीही बहुधा तेच केलं असतं. पण ते नव्वद जण पुढे सरकले असते, तर मुख्य हल्ला करणारी तुकडी कात्रीत सापडली असती. सलारियांनी रॉकेट लाँचरनं दोन्ही गाड्या उडवल्या आणि ‘आयो गोरखाली’ (गोरखे आले!) म्हणत संगिनी, खुकऱ्या घेऊन धावा केला. शत्रूचे चाळीस पडले, उरलेले पळाले. मानेला गोळ्या लागूनही सलारिया शुद्ध हरपेपर्यंत लढत राहिले. आदल्याच आठवड्यात त्यांना सव्वीस पूर्ण झाली होती.

आता तुमच्या मुलाची शंका. परमवीर चक्र ‘शत्रूसमोर’ दाखवलेल्या शौर्यासाठी असतं. तो शत्रू कुठल्या देशाचा, युद्ध जाहीर झालंय का, हे त्यात विचारलेलं नाही. शत्रू समोर नसताना गाजवलेल्या शौर्याला अशोक चक्र. हा फरक परीक्षेतही विचारतात.

आणखी एक. नकाशात एलिझाबेथविल शोधत बसू नका म्हणावं, सापडणार नाही. त्या शहराला आता लुबुम्बाशी म्हणतात.